फुल फ्रेम की क्रॉप? संवेदकाच्या आकारामागचे गणित

डोंगरदऱ्या, नद्या, पठारे आणि ढगांनी भरलेले आकाश यांची छायाचित्रे काढण्याची आवड असलेले अनेक शिक्षक आपल्याकडे आहेत. त्यांच्याकडून आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : निसर्गदृश्यांसाठी कॅमेरा घ्यायचा तर फुल फ्रेमचा घ्यावा की क्रॉप संवेदकाचा? दोहोंच्या किमतींत बराच फरक असतो. कॅमेऱ्याबरोबर भिंगेही घ्यावी लागतात, आणि तो फरक आणखी वाढतो. पगारातून साठवलेले पैसे, किंवा निसर्गमंडळासाठी शाळेने मोठ्या कष्टाने उभा केलेला निधी एकदा खर्च झाला की पुन्हा लवकर हाती येत नाही. दुकानदार सांगतो की मोठा संवेदक म्हणजे चांगले चित्र. मित्र सांगतो की काही फरक पडत नाही. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. ते नेमके किती, हे ठरवण्यासाठी नववी-दहावीचे प्रकाशाचे प्रकरण पुरेसे आहे. म्हणून हा प्रश्न आपण बाजाराकडून वर्गाकडे नेऊ.

मापे कोठून आली?

जुन्या कॅमेऱ्यात भिंगामागे फिल्म असे. तिच्या जागी आता प्रकाशाला संवेदनशील असलेली सिलिकॉनची एक आयताकृती चकती असते. तिलाच संवेदक म्हणतात. फुल फ्रेम संवेदक ३६ मि.मी. रुंद व २४ मि.मी. उंच असतो. हे माप निसर्गाच्या कोणत्याही नियमातून आलेले नाही. चित्रपटासाठी ३५ मि.मी. रुंदीची फिल्म वापरली जात असे आणि तिच्यावरील एक चौकट २४ मि.मी. × १८ मि.मी. एवढी होती. जर्मनीतील ऑस्कर बार्नाक यांनी १९१३ च्या सुमारास अशा दोन चौकटी शेजारी शेजारी घेऊन स्थिर चित्रासाठी एक लहान कॅमेरा बनवला. १९२५ पासून तो लायका या नावाने विकला जाऊ लागला. पुढे हेच माप जगभर रूढ झाले.

क्रॉप संवेदकाचे माप सामान्यतः २३.५ × १५.६ मि.मी. असते. कॅननचे संवेदक किंचित लहान असतात. या आकाराला एपीएस-सी असे नाव आहे. ते १९९६ साली बाजारात आलेल्या आणि आता बंद पडलेल्या एका फिल्मपद्धतीवरून आले. सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांत मोठा संवेदक बसवणे फार खर्चाचे होते. सिलिकॉनच्या एका तबकडीतून मोठ्या चकत्या कमी निघतात, शिवाय चकती जितकी मोठी तितकी तिच्यात दोष असण्याची शक्यता अधिक. म्हणून जुनी भिंगे तशीच ठेवून त्यांच्यामागे लहान संवेदक बसवला गेला. ३६ मि.मी. चौकटीचे फुल फ्रेम डिजिटल कॅमेरे २००२ साली विक्रीस आले.

दोन आकडे येथेच लक्षात ठेवू. दोन्ही संवेदकांच्या रुंदीचे गुणोत्तर सुमारे १.५ आहे. क्षेत्रफळे ८६४ आणि ३६७ चौरस मि.मी., म्हणजे त्यांचे गुणोत्तर सुमारे २.४ आहे. पुढचा सारा हिशेब या दोन आकड्यांवर चालतो.

लहान संवेदक चित्र मोठे करतो का?

‘क्रॉप कॅमेऱ्यावर २४ मि.मी.चे भिंग ३६ मि.मी.चे होते’ असे सर्रास म्हटले जाते. भिंगाचे नाभीय अंतर त्याच्या काचेवर व वक्रतेवर अवलंबून असते. मागे काय ठेवले आहे हे भिंगाला कळत नाही. मग या म्हणण्याचा अर्थ काय? हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे.

प्रयोगशाळेतील १० सें.मी. नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग घ्या. वर्गाच्या खिडक्या बंद करून एकच उघडी ठेवा आणि समोरच्या झाडाची प्रतिमा ट्रेसिंग कागदावर पाडा. झाड ६ मीटर उंच आणि २० मीटर दूर असेल तर प्रतिमेची उंची सुमारे ३० मि.मी. येईल. अर्थात ती उलटी असेल. आता पुठ्ठ्यातून दोन आयताकृती खिडक्या कापा. एक ३६ × २४ मि.मी. आणि दुसरी २४ × १६ मि.मी. दोन्ही खिडक्या उभ्या धरून आळीपाळीने त्या कागदावर ठेवा. मोठ्या खिडकीत झाड पूर्ण मावते. लहान खिडकीत ते मावत नाही, शेंडा किंवा बुंधा कापला जातो. मात्र पट्टीने मोजल्यास झाडाची प्रतिमा दोन्ही वेळा तेवढीच भरते. संवेदकाने काही मोठे केले नाही, कडा कापल्या एवढेच. क्रॉप या शब्दाचा अर्थही तोच आहे.

यावरून निसर्गचित्रणासाठी एक व्यावहारिक गोष्ट निघते. फुल फ्रेमवर २४ मि.मी.चे भिंग आडव्या दिशेने सुमारे ७४ अंशांचे दृश्य टिपते. तेच भिंग क्रॉप संवेदकावर लावले तर ५२ अंशच मिळतात. तेवढाच विस्तार हवा असेल तर क्रॉप कॅमेऱ्याला १६ मि.मी.चे भिंग लावावे लागते. त्याने सुमारे ७३ अंश मिळतात. पूर्वी ही अडचण मोठी होती, कारण इतकी लहान नाभीय अंतराची भिंगे मिळत नसत. आता ती सहज मिळतात. तेव्हा ‘क्रॉपने विस्तीर्ण दृश्य येत नाही’ हा आक्षेप आज उरलेला नाही.

प्रकाशाची मोजणी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. प्रकाश फोटॉनच्या रूपाने येतो, आणि फोटॉन पावसाच्या थेंबांप्रमाणे अनियमित पडतात. एकसारख्या उजळलेल्या भिंतीचे चित्र घेतले तरी शेजारच्या दोन पिक्सेलना नेमके सारखे फोटॉन मिळत नाहीत. सरासरी १०० फोटॉन मिळत असतील तर त्यात साधारण १० चा चढउतार असतो, म्हणजे १० टक्के. सरासरी १०,००० असेल तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. चढउतार हा संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. हाच चढउतार चित्रात रवाळपणा म्हणून दिसतो. त्याला नॉइज म्हणतात. तो सावलीच्या भागात अधिक जाणवतो, कारण तेथे फोटॉन मुळातच कमी असतात.

विद्यार्थ्यांना हे पटवायचे तर चौसष्ट घरांचा एक मोठा कागद जमिनीवर पसरा आणि थोड्या उंचीवरून मूठभर तांदूळ शक्य तितके सारखे विखुरले जातील असे टाका. प्रत्येक घरातील दाणे मोजा. सरासरी ४ असेल तर बहुतेक घरांत २ ते ६ दाणे सापडतील. सरासरी १६ होईल एवढे तांदूळ टाकले तर बहुतेक घरांत १२ ते २० सापडतील. पहिल्या वेळी चढउतार सरासरीच्या निम्मा, दुसऱ्या वेळी पावच. हात सारखा फिरला नाही तर चढउतार याहून जास्त येईल, पण दिशा हीच राहील.

फुल फ्रेम संवेदकाचे क्षेत्रफळ २.४ पट आहे. दर चौरस मि.मी.वर सारखाच प्रकाश पडू दिला तर एकूण फोटॉनही २.४ पट गोळा होतील, आणि त्यामुळे रवाळपणा सुमारे १.५ पटीने कमी होईल. छायाचित्रकारांच्या भाषेत हा सव्वा स्टॉपचा फायदा आहे. एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. मोठ्या संवेदकाचे श्रेष्ठत्व म्हणतात ते मुख्यतः एवढेच. ते खरे आहे, पण त्याला मर्यादा आहे.

मात्र या विधानात एक अट दडलेली आहे : ‘दर चौरस मि.मी.वर सारखाच प्रकाश पडू दिला तर’. निसर्गदृश्य टिपताना ही अट आपण पाळतो का, ते पाहू.

तीन मिलिमीटरचे छिद्र

निसर्गचित्रात पायाशी असलेल्या खडकापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सारे स्पष्ट हवे असते. त्यासाठी भिंगाचे छिद्र लहान करतात. छिद्राचे माप एफ-अंकाने सांगतात. नाभीय अंतराला एफ-अंकाने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. फुल फ्रेमवर २४ मि.मी.चे भिंग एफ/८ वर ठेवले तर छिद्र ३ मि.मी.चे होते. अशा वेळी २.४ मीटरवर फोकस केल्यास सुमारे १.२ मीटरपासून अनंतापर्यंतचे दृश्य पुरेसे स्पष्ट येते. क्रॉप कॅमेऱ्यावर १६ मि.मी.चे भिंग एफ/५.६ वर ठेवले तर २.३ मीटरवर फोकस करून जवळजवळ तीच खोली मिळते. छिद्राचा व्यास काढून पाहा. १६ भागिले ५.६, म्हणजे २.९ मि.मी. पुन्हा साधारण तीनच.

हा योगायोग नाही. अमेरिकेत १९३२ साली अँसेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदी छायाचित्रकारांनी आपल्या गटाला ‘एफ/६४’ असे नाव दिले होते. नखशिखांत स्पष्ट चित्र हा त्यांचा आग्रह होता. आजच्या वाचकाला एफ/६४ हा आकडा ऐकून आश्चर्य वाटेल, कारण आजच्या कॅमेऱ्यांवर इतके लहान छिद्र कोणी वापरत नाही. परंतु त्या काळी ८ × १० इंचांच्या निगेटिव्हवरही काम चाले. अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत टिपलेले चंद्रोदयाचे प्रसिद्ध चित्र याच आकाराच्या निगेटिव्हवर आहे. या निगेटिव्हचा कर्ण फुल फ्रेमच्या साडेसात पट भरतो. म्हणजे आपल्या २४ मि.मी.च्या जागी तेथे १८० मि.मी.चे भिंग लागेल. १८० भागिले ६४ केल्यास उत्तर येते २.८ मि.मी.! लाकडी पेटीचा अवजड कॅमेरा असो, फुल फ्रेम असो वा क्रॉप, तेवढाच विस्तार आणि तेवढीच स्पष्टतेची खोली हवी असेल तर छिद्र तेवढेच लागते.

आता याचा परिणाम पाहा. दृश्य तेच, छिद्र तेच. म्हणजे दर सेकंदाला कॅमेऱ्यात शिरणारा एकूण प्रकाशही तोच. मोठ्या संवेदकावर तो अधिक जागेत पसरतो, इतकेच. तेव्हा उघडझापेचा वेळ सारखा ठेवला तर दोन्ही कॅमेऱ्यांत जवळजवळ सारखेच फोटॉन जमतील, आणि मोठ्या संवेदकाचा फायदा नाहीसा होईल.

मग फुल फ्रेमची चित्रे चांगली येतात हा अनुभव खोटा का? नाही. फुल फ्रेमवर प्रकाश विरळ पडत असल्याने तो संवेदक भरायला अधिक वेळ लागतो. सर्वांत कमी आयएसओ, म्हणजे १००, दोन्हीकडे ठेवला तर क्रॉप कॅमेऱ्याला एफ/५.६ वर १/६० सेकंद पुरत असेल तेथे फुल फ्रेमला एफ/८ वर १/३० सेकंद द्यावा लागतो. दुप्पट वेळ, म्हणून दुप्पट फोटॉन. मोठ्या हंड्यात जास्त पाणी मावते, पण नळ तोच असेल तर तो भरायला जास्त वेळ लागतो, तसेच हे आहे. थोडक्यात, निसर्गचित्रात मोठ्या संवेदकाचा फायदा वेळेच्या मोबदल्यात मिळतो. आणि वेळ देण्यासाठी कॅमेरा स्थिर हवा, म्हणजेच ट्रायपॉड हवा. वाऱ्यावर डोलणारी कासच्या पठारावरील फुले टिपताना १/६० सेकंदाहून अधिक वेळ देता येत नसेल, तर फुल फ्रेमवर आयएसओ २०० करावा लागेल आणि नफा जवळजवळ संपेल.

लहान संवेदकालाही हा वेळ देता येतो. ट्रायपॉडवर ठेवून एकापाठोपाठ दोन किंवा तीन चित्रे घ्यावीत आणि संगणकावर त्यांची सरासरी काढावी. दोन हंडे मिळून एका मोठ्या हंड्याएवढे पाणी झाले. आजचे मोबाईल फोन आपल्या अतिशय लहान संवेदकाची उणीव याच युक्तीने बरीच भरून काढतात. यात नंतरचे काम वाढते हे मात्र खरे.

विवर्तनाची भीती

‘क्रॉप संवेदकावर विवर्तनाचा त्रास लवकर सुरू होतो’ असाही एक इशारा दिला जातो. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी तबकडी बनते. हिरव्या प्रकाशासाठी तिचा व्यास एफ/८ वर सुमारे १०.७ मायक्रॉन आणि एफ/५.६ वर ७.५ मायक्रॉन असतो. ३६ मि.मी. रुंदीत पहिल्या प्रकारच्या सुमारे ३,३५० तबकड्या बसतात. २३.५ मि.मी. रुंदीत दुसऱ्या प्रकारच्या ३,१०० बसतात. अ‍ॅडम्स यांच्या निगेटिव्हवर एफ/६४ ला तबकडी ८६ मायक्रॉनची होते, पण तेथे रुंदीही २५४ मि.मी. आहे, म्हणून सुमारे ३,००० बसतात. तिन्हीकडे हिशेब जवळपास सारखाच. इशारा खरा आहे, पण क्रॉपवर तेवढे लहान छिद्र करण्याची गरजच नसते. फुल फ्रेमवरील सवयीने क्रॉपवरही एफ/१६ लावले तर मात्र बारकावे हकनाक गमावले जातात.

मोठा संवेदक कोठे खरोखर जिंकतो?

पहिली जागा म्हणजे रात्रीचे आकाश. तारे सरकत असल्याने वेळ फार देता येत नाही, आणि सारे तारे अनंत अंतरावर असल्याने स्पष्टतेच्या खोलीची काळजी नसते. म्हणून छिद्र पूर्ण उघडता येते. २४ मि.मी.च्या एफ/१.४ भिंगाचे छिद्र १७ मि.मी.चे, तर १६ मि.मी.च्या एफ/१.४ भिंगाचे ११.४ मि.मी.चे. क्षेत्रफळात सव्वादोन पटींचा फरक पडतो, आणि येथे तो पूर्णपणे फुल फ्रेमच्या पदरात पडतो.

दुसरी जागा म्हणजे उजेड-सावलीचा तीव्र विरोध. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून मावळतीचे आकाश आणि खालची काळोखी दरी एकाच चित्रात हवी असेल, तर आकाश पांढरे पडू नये म्हणून प्रकाश बेताचा घ्यावा लागतो. दरी नंतर संगणकावर उजळावी लागते. सावलीतला रवाळपणा तेव्हाच उघडा पडतो. ट्रायपॉडवरील एकाच चित्रात येथे सव्वा स्टॉप हाती असणे उपयोगाचे ठरते.

तिसरी जागा म्हणजे मोठी छपाई. तीन फूट रुंद चित्र छापायचे तर फुल फ्रेमवरील प्रतिमा २५ पट वाढवावी लागते, क्रॉपवरील ३९ पट. भिंगाचे दोषही त्याच प्रमाणात वाढतात. म्हणून लहान संवेदकाला भिंग अधिक काटेकोर लागते.

याउलट दूरचे शिखर जवळ आणायचे असेल तर पारडे उलट झुकते. दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे असतील आणि दोहोंवर २०० मि.मी.चेच भिंग असेल, तर क्रॉप कॅमेरा कापलेल्या भागावर पूर्ण २४ मेगापिक्सेल खर्च करतो. फुल फ्रेमच्या चित्रातून तेवढाच भाग कापला तर १० मेगापिक्सेल उरतात.

ओझ्याचा हिशेब

कॅनन कंपनीने २०१४ साली विस्तीर्ण दृश्याची दोन भिंगे आणली. फुल फ्रेमसाठी १६ ते ३५ मि.मी.चे, एफ/४, वजन ६१५ ग्रॅम. क्रॉपसाठी १० ते १८ मि.मी.चे, वजन २४० ग्रॅम. विस्तीर्ण टोकाला दोहोंचे दृश्य सारखेच. पहिले भिंग अधिक उघडते हे खरे, पण पायाशी असलेल्या खडकासाठी आपण ते तसेही एफ/८ ला नेतो. म्हणजे अधिक उघडण्याच्या ज्या क्षमतेसाठी वजन व पैसे दिले, ती अशा चित्रात वापरलीच जात नाही. पाठीवर पाणी, जेवण आणि ट्रायपॉड घेऊन गड चढताना पावणेचारशे ग्रॅमचा फरकही जाणवतो. आणि ओझे नको म्हणून ट्रायपॉड घरी राहिला, तर मोठ्या संवेदकाचा निम्माअधिक फायदाही घरीच राहतो.

निवड कशी करावी?

प्रथम आपली चित्रे कोठे जाणार आहेत ते ठरवावे. ए-४ कागदावर उत्तम छपाईसाठी ९ मेगापिक्सेलही पुरतात. वर्गात पडद्यावर दाखवण्यासाठी त्याहून कमी लागतात. या आकारात, दिवसाच्या चांगल्या उजेडात घेतलेली दोन्ही प्रकारची चित्रे वेगळी ओळखणे कठीण असते. ज्यांना मुख्यतः तारे टिपायचे आहेत, भिंतभर छपाई करायची आहे, किंवा मावळतीचा तीव्र प्रकाश हाच ज्यांचा विषय आहे आणि ट्रायपॉड नेण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी फुल फ्रेमचा विचार जरूर करावा. इतरांनी क्रॉप कॅमेरा घ्यावा आणि उरलेल्या पैशांतून आधी भक्कम ट्रायपॉड, मग चांगले भिंग घ्यावे. शाळेच्या निसर्गमंडळासाठी तर आमचे मत निःसंशय क्रॉपच्या बाजूचे आहे. गावाजवळचा एखादा डोंगर वा तळे दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच महिन्यात टिपत गेल्यास काही वर्षांत त्या परिसराची मौल्यवान नोंद तयार होते. तिथे संवेदकाच्या आकारापेक्षा कॅमेरा दरवर्षी तेथवर जाणे अधिक महत्त्वाचे.

खरेदीपूर्वी शक्य असल्यास दोन्ही प्रकारचे कॅमेरे कोणाकडून तरी एका दिवसासाठी मागून घ्यावेत. एक २४ मि.मी., एफ/८ वर आणि दुसरा १६ मि.मी., एफ/५.६ वर लावून, ट्रायपॉडवरून एकच दृश्य टिपावे. क्रॉपची दोन चित्रे घेऊन त्यांची सरासरीही काढावी. तिन्ही चित्रे ए-४ आकारात छापून मागे खूण करावी, आणि विद्यार्थ्यांना कोणते कोणत्या कॅमेऱ्याचे ते ओळखायला सांगावे. किती जणांचे उत्तर बरोबर आले आणि नुसत्या अंदाजाने किती जणांचे आले असते, याची तुलना त्यांच्याकडूनच करून घ्यावी. खरेदीचा निर्णय त्यानंतर घेतलेला बरा.